२, ३, ५, ७ नंतर ८ का नाही?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या दैनिकाच्या रविवारच्या मुलांच्या पानावर ‘पुढील संख्या ओळखा’ हे कोडे नियमाने येते. नुकत्याच एका अंकात ‘२, ३, ५, ७, ?’ असे विचारले होते आणि पुढच्या रविवारी उत्तर ११ असे छापून आले. ओळीने येणाऱ्या मूळ संख्या हा नियम कोडे घालणाऱ्याच्या मनात होता हे उघड आहे आणि त्या नियमाला धरून ११ हे उत्तर बरोबरच आहे. परंतु एखाद्या मुलाने त्याच जागी ८ लिहिले असेल, तर त्याला चूक म्हणण्याचा अधिकार आपल्याला पोहोचत नाही. उलट त्या ८ च्या मागे गणितातला एक मोठा वाद उभा आहे. तो सांगण्यासाठी आणि त्यावरून एक सूचना करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. पत्र लांबले आहे. काटछाट करण्याचा आपला अधिकार मला मान्य आहे, मात्र कात्री आकड्यांवर चालवू नये एवढी विनंती आहे.

८ चा नियम असा. प्रत्येक संख्येचे मूळ अवयव पाडावेत, तोच अवयव पुन्हा आला तर पुन्हा मोजावा, आणि ज्या संख्यांमध्ये अवयवांची मोजणी विषम भरते तेवढ्याच ठेवाव्यात. २, ३, ५ आणि ७ या मूळ संख्या असल्याने प्रत्येकीत अवयव एकच, म्हणून त्या राहतात. ४ म्हणजे २ × २ आणि ६ म्हणजे २ × ३, दोघींत दोन-दोन अवयव, म्हणून त्या गळतात. ८ म्हणजे २ × २ × २, अवयव तीन, म्हणून ८ राहते. ९ आणि १० पुन्हा गळतात. क्रमिका अशी तयार होते: २, ३, ५, ७, ८, ११, १२, १३, १७, १८, १९, २०. सहावीचा विद्यार्थी लसावि काढताना जे अवयव पाडतो, त्याहून अधिक काहीही यासाठी लागत नाही.

आता याच क्रमिकेविषयी १९१९ साली जॉर्ज पोल्या या गणितज्ञाने एक निरीक्षण मांडले. १ पासून कोणत्याही संख्येपर्यंत मोजत जावे आणि विषम अवयवांच्या संख्या एका बाजूला, सम अवयवांच्या दुसऱ्या बाजूला टाकाव्यात. १ ला एकही मूळ अवयव नाही, म्हणून ती सम बाजूला जाते. १० पर्यंत दोन्हीकडे पाच-पाच होतात. २० पर्यंत विषम बाजूला बारा आणि सम बाजूला आठ. पोल्याने पाहिले की २ च्या पुढे सम बाजू कधीच पुढे निघत नाही, फार तर बरोबरी करते. शंभरापर्यंत पाहा, हजारापर्यंत पाहा, लाखापर्यंत पाहा, हेच दिसते. जवळजवळ चाळीस वर्षे हे खोटे ठरवणारे कोणी निघाले नाही. १९५८ मध्ये हेझलग्रोव्ह यांनी हे विधान कुठेतरी मोडतेच असे सिद्ध केले, पण नेमके कुठे ते दाखवता आले नाही; १९६० मध्ये लेहमन यांनी ९०,६१,८०,३५९ ही संख्या दाखवली, आणि १९८० मध्ये तानाका यांनी सर्वांत पहिली जागा शोधली: ९०,६१,५०,२५७. म्हणजे नव्वद कोटी साठ लाखांहून अधिक पायऱ्या जो नियम एकदाही चुकला नाही, तो त्यानंतर मोडला. आपण मुलांना चार पदे देतो आणि पाचवे ओळखायला सांगतो.

मी अमळनेर येथे स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मुलामुलींना अंकगणित शिकवतो. पोलीस भरती असो, तलाठी असो की शिष्यवृत्ती, संख्यामालिकेचे दोन-चार प्रश्न ठरलेले असतात, आणि प्रत्येक वेळी उत्तरतालिका आली की एखाद्या प्रश्नावर वाद होतो. हरकत घेणाऱ्या मुलाकडे बहुधा स्वतःचा नियम असतो आणि तो दिलेल्या सर्व पदांना लागूही पडतो; त्याला एवढेच सांगितले जाते की तज्ज्ञांना अभिप्रेत असलेला नियम वेगळा होता. हे अंकगणित नव्हे, दुसऱ्याच्या मनातले ओळखण्याची परीक्षा आहे. अशा प्रश्नांचा सराव मीच रोज करून घेतो, कारण गुण त्यालाच आहेत, त्यामुळे परीक्षा मंडळांना या पत्रातून शहाणपण शिकवण्याचा माझा इरादा नाही. परंतु वर्तमानपत्राच्या पानावर गुणांचे बंधन नाही. तिथे हा प्रकार उलटा करता येईल: नियम आधी सांगावा, पदे मुलांनी काढावीत आणि प्रश्न त्यापुढचा विचारावा. अशा उलट्या कोड्यासाठी मूळ अवयवांपासून बनणाऱ्या क्रमिकांइतके सोयीचे दुसरे साहित्य मला माहीत नाही.

त्याचे कारण साधे आहे. १ पेक्षा मोठ्या कोणत्याही संख्येचे मूळ अवयव एकाच प्रकारे पडतात, क्रम तेवढा मागेपुढे होतो. ६० चे अवयव जळगावात पाडा की जपानात, २ × २ × ३ × ५ हेच येणार. १८०१ साली गाउसने हे काटेकोरपणे मांडून सिद्ध केले. त्यामुळे अवयवांवर कोणतीही कृती ठरवून द्या, प्रत्येक संख्येला एकच उत्तर मिळते आणि उत्तरतालिकेचा वाद उरत नाही. अवयव मोजा, ही एक कृती झाली. त्यातून वरचा पोल्याचा प्रश्न निघाला, आणि त्याच मोजणीवर १९१७ साली हार्डी आणि रामानुजन यांनी दाखवले की सर्वसाधारण संख्येला वेगवेगळे मूळ अवयव फारच थोडे असतात. एक कोटीच्या आसपास गेलात तरी साधारण तीनच.

अवयवांची बेरीज करा, ही दुसरी कृती. २ पासून सुरुवात केली तर २, ३, ४, ५, ५, ७, ६, ६, ७, ११, ७, १३, ९, ८, ८ अशी क्रमिका येते. तिच्यात ५ आणि ६ ची बेरीज सारखी आहे, ८ आणि ९ ची सारखी आहे, १५ आणि १६ ची सारखी आहे. पुढे ७७ म्हणजे ७ × ११ आणि ७८ म्हणजे २ × ३ × १३, दोन्हींची बेरीज १८. या शेजारच्या जोड्यांना ‘रुथ-आरन जोड्या’ हे नाव पडले ते अमेरिकेतल्या बेसबॉलवरून. बेब रुथ या खेळाडूचा ७१४ होमरनांचा विक्रम हँक आरनने ८ एप्रिल १९७४ रोजी ७१५ वा होमरन मारून मोडला, आणि त्या दोन आकड्यांकडे पाहताना कार्ल पोमेरान्स व त्यांच्या सहकाऱ्यांच्या लक्षात आले की ७१४ म्हणजे २ × ३ × ७ × १७, ७१५ म्हणजे ५ × ११ × १३, आणि दोन्ही बेरजा २९ आहेत. शिवाय दोन्ही संख्यांचा गुणाकार म्हणजे पहिल्या सात मूळ संख्यांचा गुणाकार, ५,१०,५१०. या जोड्या अतिशय विरळ असाव्यात असा अंदाज पोमेरान्स यांनी छापला आणि पॉल एर्डिश यांनी तो सिद्ध करण्याची वाट त्यांना दाखवली. अशा जोड्या अनंत आहेत की कुठेतरी संपतात, हे मात्र आजही सिद्ध झालेले नाही. क्रिकेटच्या धावसंख्या पाठ असलेल्या आमच्या मुलांना हे कोडे किती आवडेल, हे वेगळे सांगायला नको.

मुलांना सर्वांत जास्त गुंतवून ठेवणारी कृती मात्र तिसरी आहे. अवयव लहानाकडून मोठ्याकडे मांडावेत, मधली गुणिले चिन्हे पुसावीत आणि अंक एकमेकांना चिकटवून जी नवी संख्या होईल तिचे पुन्हा अवयव पाडावेत. मूळ संख्या आली की थांबावे. १० घ्या. २ आणि ५, म्हणून २५. २५ म्हणजे ५ आणि ५, म्हणून ५५. ५५ चे ५११. ५११ म्हणजे ७ × ७३, म्हणून ७७३, आणि ७७३ मूळ आहे. १५ घेतले तर ३५, ५७, ३१९, ११२९ असा प्रवास होतो. इथे फळ्यावर उभी रेघ मारून भागाकार करणारी मुले आपणहोऊन वीस-पंचवीस भागाकार करतात. त्याच मुलांना लसाविची पाच गणिते दिली तर वहीला पाय फुटतात.

१४ पासून निघालात तर वाटेत एक चांगली अडचण येते. १४ चे २७, २७ चे ३३३, ३३३ म्हणजे ३ × ३ × ३७ म्हणून ३३३७. आता ३३३७ ला ३ ने भाग जात नाही, ७ ने जात नाही, ११, १३, १७, १९ कशानेच जात नाही, आणि मुले ती मूळ संख्या आहे असे जाहीर करून मोकळी होतात. अशा ठिकाणी नारायण पंडितांची रीत सांगावी. १३५६ साली लिहिलेल्या ‘गणितकौमुदी’त त्यांनी अवयव पाडण्याला स्वतंत्र प्रकरण दिले आहे आणि संख्येला दोन वर्गांच्या वजाबाकीच्या रूपात आणण्याची युक्ती त्यात आहे, युरोपात हीच युक्ती पुढे जवळजवळ तीनशे वर्षांनी फर्माच्या नावाने ओळखली गेली. ३३३७ च्या लगेच वरचा वर्ग ५८ चा, ३३६४. त्यातून ३३३७ वजा केले तर २७ उरतात, ती पूर्ण वर्गसंख्या नाही. पुढचा वर्ग ५९ चा, ३४८१. वजाबाकी १४४, म्हणजे १२ चा वर्ग. झाले काम: ५९ मधून १२ वजा केले की ४७, मिळवले की ७१, आणि ४७ × ७१ = ३३३७. साध्या भागाकाराने ४७ पर्यंत पोहोचायला चौदा मूळ संख्या संपवाव्या लागल्या असत्या. पुढे ४७७१ म्हणजे १३ × ३६७, म्हणून १३३६७, आणि तिथे १४ चा प्रवास संपतो.

या कृतीत लहान संख्या म्हणजे लहान प्रवास, असे अजिबात नाही. ८ पासून सुरुवात केली तर २२२, २३३७, ३१९४१, ३३३७१३१३ असे करत करत शेवटी ३३३१११३९६५३३८६३५१०७ या एकोणीस अंकी मूळ संख्येपाशी थांबता येते. आणि ४९ तर थांबतच नाही. ४९ चे ७७, ७७ चे ७११, ७११ म्हणजे ३ × ३ × ७९ म्हणून ३३७९, ३३७९ म्हणजे ३१ × १०९ म्हणून ३११०९, त्यातून १३२३९३, त्यातून ३४४१३१, त्यातून १७३१६५३, मग ७११४३५२३, मग ११११५७७१०१९. इथवर वहीत होते. आमच्या वर्गात इथे पोहोचल्यावर मागच्या बाकावरून एकदा आवाज आला होता, ‘सर, हाई तं थांबसच नही!’ जगभरच्या संगणकांनीही अजून वेगळे काही सांगितलेले नाही. शंभराहून अधिक पायऱ्या झाल्या, संख्या दोनशेहून अधिक अंकी झाल्या, तरी मूळ संख्या आलेली नाही, आणि ती कधीतरी येणारच याची सिद्धताही कोणाकडे नाही. शंभरापर्यंतच्या संख्यांपैकी ४९ आणि तिच्याच वाटेवरची ७७, एवढ्या दोनच अशा अधांतरी आहेत.

संगणक असताना काम अडते कशाला, असे विचारणाऱ्यांसाठी थोडे स्पष्टीकरण दिले पाहिजे. दोन मोठ्या मूळ संख्यांचा गुणाकार क्षणात होतो; गुणाकारावरून त्या दोन संख्या परत शोधणे मात्र अतिशय अवघड असते. रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन यांनी १९७७ साली काढलेली आरएसए ही संदेश कुलूपबंद करण्याची पद्धत याच अवघडपणावर उभी आहे आणि इंटरनेटवरचे व्यवहार सुरक्षित ठेवण्यात तिचा मोठा वाटा राहिला आहे. त्याच प्रकारची एक २५० अंकी संख्या २०२० मध्ये फोडली गेली. ते काम एकाच साध्या प्रोसेसरवर टाकले असते तर सुमारे २,७०० वर्षे लागली असती. ४९ ची पुढची प्रत्येक पायरी याच जातीचे काम मागते. ‘याचा उपयोग काय’ या ठरलेल्या प्रश्नालाही यात उत्तर मिळाले असावे, म्हणून त्यावर आणखी शब्द खर्च करत नाही.

याच कृतीत एक छोटा बदल करून जॉन कॉनवे यांनी एक प्रश्न मांडला होता. अवयव परत परत न लिहिता त्याचा घातांक लिहावा, घातांक १ असेल तर लिहू नये, आणि सगळे अंक चिकटवावेत. ६० म्हणजे २ चा दुसरा घात, ३ आणि ५, म्हणून २२३५. २२३५ म्हणजे ३ × ५ × १४९, म्हणून ३५१४९, आणि ती मूळ संख्या आहे. कॉनवे यांचा तर्क असा होता की कुठूनही निघालात तरी शेवटी मूळ संख्याच गाठाल, आणि हा तर्क सिद्ध करणाऱ्याला किंवा खोडणाऱ्याला त्यांनी १,००० डॉलरचे बक्षीस लावले होते. २०१७ मध्ये जेम्स डेव्हिस यांनी तो खोडला. त्यांनी शोधलेली संख्या १३५३२३८५३९६१७९. हिचे अवयव १३, ५३ चा दुसरा घात, ३८५३ आणि ९६१७९. आता गुणिले चिन्हे पुसा: १३, ५३, २, ३८५३, ९६१७९. पुन्हा तीच संख्या तयार होते! म्हणजे ती स्वतःकडेच परत येते, मूळ संख्येपर्यंत कधीच पोहोचत नाही.

ही चौदा अंकी संख्या पाहून वाचक घाबरतील, पण तिचा पडताळा हाताने घेता येतो आणि तो घेण्यातच खरी मौज आहे. ५३ × ५३ म्हणजे २,८०९. त्याला १३ ने गुणले की ३६,५१७. त्याला ३,८५३ ने गुणले की १४,०७,००,००१, म्हणजे चौदा कोटी सात लाख आणि वर एक. हा वरचा एक हीच सगळी गोम आहे. उरलेला अवयव ९६,१७९ याने गुणताना त्या एकामुळे ९६,१७९ जसेच्या तसे एकदा मिळवले जाते. आणि १४,०७,००,००० या भागात १,४०७ च्या पुढे पाच शून्ये असल्याने त्या भागाच्या गुणाकाराचे शेवटचे पाच अंक शून्यच राहतात आणि ९६१७९ हे पाच अंक त्या रिकाम्या जागेत नेमके बसतात. आता फक्त पुढचा भाग पाहायचा: १,४०७ × ९६,१७९ = १३५३२३८५३, आणि हे अंक म्हणजेच १३, ५३, २, ३८५३ एकापुढे एक. सातवीतल्या मुलाला यात न समजण्यासारखे काहीच नाही. नामवंत गणितज्ञाच्या तर्काचे खंडन पाच मिनिटांत स्वतः तपासता येईल, असे प्रसंग शालेय गणितात किती येतात? आणि कॉनवे यांच्या नियमाने २० पासून निघालात तर २२५, ३२५२, २२३२७१, २९७६९९ असे पुढे जाता येते, पण तो प्रवास कुठे संपतो हे अजून कोणालाच सापडलेले नाही.

आणखी एका क्रमिकेचा उल्लेख केला पाहिजे, कारण तिच्यात नियम टिकतो. १ आणि २ लिहावे. त्यापुढे प्रत्येक वेळी, आधी न आलेल्या संख्यांपैकी सर्वांत लहान अशी संख्या घ्यावी की जिचा आणि मागच्या पदाचा निदान एक मूळ अवयव सारखा असेल. १, २, ४, ६, ३, ९, १२, ८, १०, ५, १५, १८, १४, ७, २१, २४, १६ अशी ती चालते. तिचा आलेख हृदयाच्या ईसीजीच्या कागदासारखा वरखाली होतो, म्हणून तिला तेच नाव पडले आहे. मुलांना पहिली चाळीस पदे काढू द्यावीत आणि विषम मूळ संख्यांच्या शेजारी काय येते ते पाहायला सांगावे. ५ च्या आधी १० आणि नंतर १५. ७ च्या आधी १४ आणि नंतर २१. ११ च्या आधी २२ आणि नंतर ३३. दर वेळी आधी दुप्पट आणि नंतर तिप्पट. पोल्याची हकीकत ऐकलेले मूल इथे विचारणारच की हे तरी शेवटपर्यंत टिकते का. नंतरचा भाग सोपा आहे: ७ च्या पुढचे पद ७ च्या पाढ्यातलेच हवे, ७ आणि १४ संपलेले आहेत, म्हणून २१ ची पाळी येते. मूळ संख्येच्या आधी तिची दुप्पटच का यावी, हे दाखवणे खूपच कठीण आहे; ते आधी केवळ निरीक्षण होते आणि काही वर्षांनी सिद्ध झाले. पोल्याचे निरीक्षण आणि हे निरीक्षण पहिल्या शंभर पदांत सारखेच पक्के दिसतात. एक टिकले, एक मोडले. दोन्ही एकाच पानावर छापली तर सिद्धता म्हणजे काय हे वेगळ्या धड्यात शिकवावे लागणार नाही.

अशा क्रमिका गोळा करण्याचे काम नील स्लोन यांनी १९६४ मध्ये विद्यार्थिदशेत कार्डांवर सुरू केले, १९९६ पासून तो संग्रह इंटरनेटवर सर्वांना मोफत खुला आहे आणि त्यात आज साडेतीन लाखांहून अधिक क्रमिका आहेत. तिथे २, ३, ५, ७ एवढेच टाकले तर जुळणाऱ्या क्रमिका शेकड्यांनी येतात, यावरून आपल्या कोड्याची अडचण कोणालाही दिसेल. आपल्या बाजूच्या नाशिक जिल्ह्यात देवळालीला शाळेत शिकवत द. रा. कापरेकर यांनी संख्यांच्या अंकांवर जे काम केले, त्यातल्या क्रमिकाही या संग्रहात आहेत. कापरेकरांची कृती अंकांवर होती, अवयवांवर नव्हे, पण साधने तीच होती: कागद, पेन्सिल आणि चिकाटी.

खानदेशापुरते बोलायचे तर आपण चाळीसगावजवळच्या पाटणचा अभिमान सभासमारंभांत फार बाळगतो. पाटणच्या त्या शिलालेखात भास्कराचार्यांची थोरवी आहेच, पण तो कोरला गेला आहे तो त्यांचे नातू चांगदेव यांनी भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ काढला, त्याची नोंद म्हणून. आणि हा मठ निकुंभ घराण्याच्या राजाश्रयाने तेराव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला उभा राहिला. त्या लेखाची छायाचित्रे आपल्या पुरवणीत अधूनमधून येतात. त्या छायाचित्राखाली दर वेळी मुलांनी स्वतः करण्याजोगे एक गणित छापले गेले असते, तर आतापर्यंत चांगला संग्रह झाला असता, असे सुचवल्यास आपण राग मानणार नाही अशी आशा आहे.

माझ्या सूचनेवर दोन आक्षेप येतील. पहिला, मुले मोबाइलवर अवयव पाडून मोकळी होतील. होऊ द्यावीत. मोबाइल ३३३७ फोडून देईल, पण १० पेक्षा ८ चा प्रवास इतका लांब का, किंवा ७१४ सारखी पुढची जोडी शोधण्यासाठी कोणत्या संख्या आधीच वगळता येतील, याचे उत्तर देण्यासाठी विचार मुलालाच करावा लागेल. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: ज्या प्रश्नाचे उत्तर जगात कोणालाच माहीत नाही, तो मुलांपुढे ठेवून त्यांचा हिरमोड का करावा? माझा अनुभव याच्या उलट आहे. ४९ चे उत्तर कोणाकडेच नाही हे कळल्यावर मुले वही मिटत नाहीत. स्पर्धा परीक्षेच्या वर्गात, जिथे प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय आणि एक उत्तर असते, तिथे तर मुळीच नाही.

म्हणून विनंती अशी की ‘पुढील संख्या ओळखा’ हे सदर बंद न करता त्याच चौकटीत महिन्यातून निदान दोन रविवारी नियम सांगितलेली क्रमिका द्यावी. नियम दोन-तीन ओळींत, पहिली पाच-सहा पदे नमुन्यादाखल, आणि मग तीन प्रश्न: एक पाचवी-सहावीच्या मुलाला भागाकाराने सुटणारा, एक आठवी-नववीच्या मुलाला कारण द्यायला लावणारा, आणि एक न सुटलेला, ‘हा प्रश्न अजून सुटलेला नाही’ असे स्पष्ट छापून. उत्तर देताना नुसता आकडा न छापता कारणासह छापावे आणि वाचकांपैकी कोणी दुसरा पटणारा नियम कळवला तर त्यालाही जागा द्यावी. पहिल्या वेळेसाठी बेरजेची क्रमिका घेता येईल: १२५ आणि १२६ यांच्या मूळ अवयवांच्या बेरजा काढा, ७७-७८ आणि १२५-१२६ यांच्या मध्ये अशी आणखी एखादी जोडी आहे का ते शोधा, आणि दोन्ही संख्या मूळ असतील अशी जोडी का होऊ शकत नाही ते सांगा. मजकूर तयार करून देण्याची माझी तयारी आहे आणि त्यासाठी मानधनाची अपेक्षा नाही.

आपला नम्र,
एक वाचक
अमळनेर, जि. जळगाव